बकेट वर गेली, खाली कोण आहे?

प्रति,
मा. मुख्याधिकारी, शहर अभियंता, विद्युत विभागप्रमुख आणि उद्यान विभागप्रमुख,
राज्यातील सर्व नगरपरिषदा व महानगरपालिका

विषय : बकेटच्या गाडीजवळ खाली उभा असायला हवा त्या माणसाबाबत.
संदर्भ : काही नाही. कुणी मागितलं नसताना लिहीत आहे.

महोदय / महोदया,

एका नगरपरिषदेच्या दिवाबत्ती विभागात मी वायरमन म्हणून लागलो आणि विद्युत पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो. मधली ३१ वर्षं मान वर करून खांबाकडे बघण्यात गेली. निम्मी शिडीच्या जमान्यात, निम्मी बकेटच्या गाडीबरोबर. आता घरी असतो. पण रस्त्याच्या कडेला बूम, म्हणजे टोकाला बकेट असलेला यांत्रिक हात, वर करून ती गाडी उभी दिसली की स्कूटर आपोआप हळू होते. येणारे-जाणारे सगळे वर बघतात. मी खाली बघतो. खाली बहुतेक वेळा कुणीच नसतं. ड्रायव्हर टपरीवर, नाहीतर केबिनमध्ये मोबाईल बघत बसलेला, आणि एकुलता एक हेल्पर रस्त्यात उभा राहून दुचाकीवाल्यांना हात दाखवतोय.

हे पत्र त्या रिकाम्या जागेबद्दल आहे.

निविदेत या गाडीचं नाव भारदस्त असतं. कामावरची माणसं तिला बकेटची गाडी म्हणतात. अमेरिकेत बोलताना ‘चेरी पिकर’ म्हणतात, म्हणजे चेरी तोडणारी. आपल्याकडे आंबे उतरवायला लांब काठीला जाळी बांधून झेला करतात, त्यातलाच प्रकार. फक्त जाळीत आंब्याच्या जागी माणूस. निविदेत बूम किती मीटरचा, बकेट किती किलोची, चासी कुठली, दारावर पालिकेचं बोधचिन्ह किती इंचाचं, सगळं लिहिलेलं असतं. बकेट वर असताना खाली कोण उभं राहणार आणि त्याला काय यायला हवं, यावर माझ्या नोकरीत मला एक ओळ सापडली नाही. अशी तीन अंदाजपत्रकं मी स्वतः केली. त्यांतही नव्हती.

आमच्याकडे पहिली गाडी आली तो दिवस आठवतो. बकेटवर पाटी होती : दोन व्यक्ती, २०० किलो. नारळ फुटला, झेंडूची माळ पडली, आणि पहिल्या फेरीला नगराध्यक्ष, दोन नगरसेवक आणि एक फोटोग्राफर असे चौघं वर गेले. कुणाच्या अंगावर पट्टा नव्हता. दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला. आम्ही खाली टाळ्या वाजवल्या आणि मनात नोंद केली की यंत्र भक्कम आहे, चार माणसं सहज उचलतं. त्या यंत्राबद्दल आमचं झालेलं प्रशिक्षण तेवढंच.

आता जे सांगतो ते मी इतकी वर्षं बायकोखेरीज कुणाला नीट सांगितलेलं नाही.

मे महिना होता. पावसाळ्यापूर्वीची छाटणी चालू होती. एका जुन्या पर्जन्यवृक्षाच्या फांद्या दिव्यांच्या तारांवर टेकल्या होत्या. बकेटमध्ये रोजंदारीवरचा एक पोरगा, चोवीस-पंचवीस वर्षांचा. कोयत्याचा घाव बसला, फांदी हादरली, आणि पलीकडच्या जाड फांदीखाली आग्या मोहोळ लोंबत होतं. ते खालून आम्हाला दिसलं नव्हतं. म्हणजे आम्ही बघितलंच नव्हतं.

खालचे सगळे पळाले. त्यांना मी दोष देत नाही, मीही पळालो. ड्रायव्हर चहाला गेला होता. बकेट आठेक मीटरवर. वरचे लिव्हर पोराच्या हाताशीच होते. पण डोळे मिटून, तोंडावर दोन्ही हात घेऊन बसलेल्या माणसाला लिव्हर सुचत नाही. तेच लिव्हर खाली, गाडीच्या मागच्या बाजूलाही असतात. वरचे बाजूला सारून खालचे चालतील अशीच त्यांची रचना असते, आणि ती अशाच वेळेसाठी असते. आमचा एक हेल्पर डोक्याला टॉवेल गुंडाळून परत फिरला. त्याने लिव्हर ओढला. कुठला ओढायचा ते त्याला कुणी दाखवलेलं नव्हतं. बूम खाली यायच्या ऐवजी आडवा फिरला, बकेट खोडावर आपटली आणि पोराचं मनगट मधे सापडलं. मग कुणीतरी ड्रायव्हरला धरून आणलं. त्याने चाळीस सेकंदांत बकेट खाली घेतली. हे चाळीस सेकंदांचं काम सुरू व्हायला अकरा मिनिटं लागली होती.

पोरगा वाचला. दीड महिन्याने कामावर आला. अपघाताच्या अहवालात ‘कारण’ या रकान्यात मी लिहिलं : मधमाश्यांचा हल्ला. खाली सही केली, शिक्का मारला. माश्या तर होत्याच. पण ती अकरा मिनिटं माश्यांनी घेतली नव्हती, आम्ही घेतली होती.

त्यानंतर मी या गाडीकडे बघायची पद्धत बदलली. गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक कपाटात प्लॅस्टिकमध्ये तसंच होतं, ते काढून शब्दकोश घेऊन वाचलं. परदेशातले नियम कुणाकुणाकडून मागवले. अमेरिकेतल्या ओशाच्या, म्हणजे तिथल्या कामगार-सुरक्षा यंत्रणेच्या, नियमात एक वाक्य आहे, ते मला फार शहाणपणाचं वाटलं : वरच्या माणसाने सांगितल्याशिवाय खालचे लिव्हर चालवायचे नाहीत, अपवाद फक्त आणीबाणीचा. म्हणजे तिकडे खालचा माणूस आहेच असं धरून नियम पुढे जातो, आणि त्याच्यावर बंधन घालतो. आपल्याकडे बंधन घालायलाही कुणी हजर नसतो.

त्या माणसाला काय काय यायला हवं, ते जरा सविस्तर सांगू द्या. कारण हा म्हणजे ‘एक हेल्पर वाढवा’ एवढाच मामला आहे असं समजून तुम्ही पुढच्या फाईलकडे वळाल.

गाडीचं इंजिन चालू असतं, पीटीओ, म्हणजे इंजिनाची ताकद पंपाला देणारा जोड, गुंतलेला असतो, त्यावर हायड्रॉलिक पंप चालतो, त्यावर बूम. इंजिन बंद पडलं, पीटीओ सुटला, डिझेल संपलं, की बकेट आहे तिथे थांबते. होज, म्हणजे तेलाची नळी, फुटला तरी चांगल्या गाडीत सिलिंडरवरचा व्हॉल्व्ह तेल अडवून धरतो, म्हणून बकेट दाणकन खाली येत नाही. यंत्र बनवणाऱ्याने इतका विचार केलेला असतो. पण त्यामुळेच माणूस वर अडकतो. त्याला उतरवायला हातपंप दिलेला असतो, काही गाड्यांत बॅटरीवरचा छोटा पंप. हातपंप मारत मारत, योग्य लिव्हर धरून, बकेट सावकाश खाली येते. आमच्या गाडीच्या हातपंपाचा दांडा दोन वर्षं गायब होता. शोधल्यावर ड्रेनेजवाल्यांकडे सापडला. चेंबरची झाकणं उचलायला त्यांना तो फार सोयीचा पडत होता.

वरच्या माणसाला पट्टा बांधा, हे आता सगळे म्हणतात आणि ते बरोबरच आहे. भारतीय मानक आयएस ३५२१ प्रमाणे अंगभर पट्टा घ्या, नुसता कमरेचा नको. त्याची दोरी आखूड ठेवा आणि बकेटमधल्याच कडीला अडकवा. खांबाला नाही. जुने वायरमन सवयीने खांबाला बांधतात, कारण शिडीवर तीच शिकवण होती. बकेटमध्ये तीच शिकवण जिवावर उठते : माणूस खांबाला बांधलेला आणि बूम सरकला, किंवा खालून गाडी हलली, तर त्याला बकेटमधून ओढून काढायचं काम त्याचाच पट्टा करतो. आणि बकेटमध्ये असताना पट्टा कशाला, असं पोरं विचारतात. बूम म्हणजे लांब लवचीक काठी. मागून टेम्पोने गाडीला धक्का दिला, किंवा तोडलेली फांदी सुटून बूमवर पडली, तर बुडाशी झालेली दोन बोटांची हालचाल टोकाला उसळी होते आणि माणूस गोफणीतल्या दगडासारखा बाहेर फेकला जातो.

तो फेकला गेला आणि पट्ट्याने त्याला धरलं, म्हणजे सगळं झालं का? लोंबकळणाऱ्या माणसाच्या पायांत रक्त साचायला लागतं. पट्टा मांड्यांना आवळतो, थोड्या मिनिटांत शुद्ध हरपू शकते. अग्निशमन दल येईपर्यंत थांबायची सोय नसते. त्याला खाली घ्यायचं ते लगेच, आणि तिथेच उभ्या असलेल्या माणसाने. खाली कुणी नसेल तर पट्ट्याचा अर्धा उपयोग वाया गेला.

आता याच्या अगदी उलट गोष्ट. खालच्या माणसाला लिव्हरला हात कधी लावायचा नाही, हेही यायला हवं.

रस्ता ओलांडणारी ११ केव्हीची, म्हणजे ११ हजार व्होल्टची, तार जमिनीपासून निदान ६.१ मीटरवर असावी, लघुदाबाची ५.८ मीटरवर, असं आपला नियम सांगतो. मोठ्या रस्त्यावरचा दिवा ९ मीटरच्या खांबावर असतो. म्हणजे तारा सगळ्या कायद्यात बसत असल्या तरी बकेटला दिव्यापर्यंत जाताना तारांच्या अंगावरूनच जावं लागतं. वायरमनची नजर दिव्यावर असते. बूमचं कोपर मात्र त्याच्या पाठीमागे असतं आणि ते कुठे चाललंय हे त्याला दिसत नाही. खालच्याला दिसतं. वीजकामाचं शिक्षण नसलेल्या माणसाने ५० केव्हीपर्यंतच्या चालू तारेपासून १० फूट, म्हणजे तीन मीटर, लांब राहावं असा ओशाचा दंडक आहे. फांद्या तोडणारी पोरं याच गटात मोडतात. आपल्या गल्ल्यांत तीन मीटर कुठून आणायचे? नाही आणता येत, म्हणून तार बंद करूनच काम करायचं.

तरीही समजा बूम तारेला लागला. त्या क्षणी अख्खी गाडी तारेइतकीच जिवंत होते. टायर रबराचे आहेत म्हणून गाडी सुरक्षित, ही समजूत चहाच्या टपरीवर सोडून यावी. गाडी कलंडू नये म्हणून बाजूला काढलेले तिचे लोखंडी पाय तर जमिनीवर टेकलेलेच असतात. अशा वेळी खालचा माणूस धावत येऊन जमिनीवर उभा राहून लिव्हर धरेल, तर वरचा कदाचित वाचेल आणि खालचा जाईल. त्याने हात लावायचा नाही, कुणालाही जवळ येऊ द्यायचं नाही, निदान दहा मीटर लोक मागे हटवायचे आणि उपकेंद्राला फोन करून फीडर, म्हणजे त्या भागाला वीज देणारी वाहिनी, बंद करवायचा. ड्रायव्हर केबिनमध्ये असेल तर त्याला तिथेच बसून राहायला सांगायचं. गाडीने पेटच घेतला तर त्याने दोन्ही पाय जुळवून बाहेर उडी मारायची, गाडी आणि जमीन यांना एकाच वेळी न शिवता, आणि पावलं न टाकता जुळल्या पायांनी उड्या मारत दूर जायचं. जमिनीत पसरलेला विजेचा दाब दोन पावलांमध्येही फरक दाखवतो. हे सगळं सुचायला फीडरचं नाव आणि उपकेंद्राचा नंबर खिशात हवा. ड्रायव्हरच्या खिशात तंबाखूची पुडी असते.

‘आमची बकेट फायबरची आहे, काही होत नाही’ हे वाक्य मी अभियंत्यांच्या तोंडूनही ऐकलंय. आमच्या गाडीचा तर पिंजराच लोखंडी होता. पण फायबरची असली तरी ती इतकंच करते : तारेतून माणसात, माणसातून बूममध्ये आणि बूममधून जमिनीत जाणारी वाट अडवते. तीही ती स्वच्छ, कोरडी आणि तपासलेली असेल तर. दोन तारांच्या मधे माणूस आला, किंवा एक हात तारेला आणि कोपर खांबाच्या ब्रॅकेटला लागलं, तर प्रवाह तिथल्या तिथे पुरा होतो. बकेटला पत्ताही लागत नाही.

तार बंद करण्याचंही एक आपलं खास त्रांगडं आहे. खांब वीज कंपनीचा, त्यावरचा दिवा पालिकेचा. पालिकेचा माणूस पथदिव्यांच्या फीडर पिलरचा, म्हणजे रस्त्याकडेच्या पेटीतला, स्विच पाडतो आणि समजतो की लाईन बंद झाली. दिव्याची एक तार बंद झालेली असते. बाजूच्या तीन फेज घरांना वीज देत चालूच असतात. त्यांच्यासाठी कंपनीकडून लेखी परमिट घ्यावं लागतं, आणि परमिट मिळालं तरी कामाच्या दोन्ही बाजूंना तारा अर्थ केल्याशिवाय, म्हणजे जमिनीला जोडल्याशिवाय, हात लावायचा नसतो, कारण मंगल कार्यालयाचं जनरेटर कुणी चेंजओव्हर, म्हणजे जनरेटर आणि लाईन वेगळी ठेवणारा स्विच, न लावता जोडलेलं असेल तर बंद तार उलट्या बाजूने जागी होते. आमच्याकडे परमिट फोनवर मिळायचं. ‘सांगितलंय, होईल बंद दोन मिनिटांत.’ या वाक्यावर मी माणसं वर चढवलेली आहेत. ती सुखरूप उतरली यात माझं काही कर्तृत्व नाही.

गाडीच्या पायांबद्दल लिहायला घेतलं तर पत्र संपणार नाही, म्हणून एकच हिशेब. समजा गाडी आठ टनांची. बूम एका बाजूला लांबवला की त्या बाजूच्या एका पायावर चारेक टन सहज येतात. पायाची थाळी वीस सेंटीमीटर चौरस असेल तर दर चौरस सेंटीमीटरला दहा किलो. खाली साठ सेंटीमीटर चौरस जाड फळी टाकली की तोच भार सव्वा किलोच्याही खाली येतो. एका फळीचा प्रश्न असतो. आणि आपल्या रस्त्यांच्या कडेला काय असतं? पेव्हर ब्लॉक, गटाराची झाकणं, आणि परवाच केबल टाकून माती लोटलेला चर. पाय खचतो तो आधी दोन बोटं, आणि ते वरच्याला कळत नाही. खाली पायाकडे बघणारा असेल तर कळतं. पाय टेकल्याशिवाय बूम उठूच नये म्हणून गाडीत एक स्विच असतो. किती गाड्यांत तो तार मारून कायमचा दाबून टाकलाय, ते एकदा फिरून बघा. मला फिरायची गरज नाही. आमचा मीच मारून दिला होता, अरुंद गल्लीत पाय पूर्ण उघडत नाहीत म्हणून.

तर असं का होतं? आळसाने, बेफिकिरीने, दारूने, अशी उत्तरं चौकशीत मिळतात. माझं उत्तर वेगळं आहे आणि ते तुमच्या टेबलावर आहे.

पूर्वी सोडियमचे दिवे होते. रोज कुठला ना कुठला जायचा. वायरमन आणि ड्रायव्हर यांची जोडी वर्षानुवर्षं ठरलेली असायची, वरच्याने नुसती मान वळवली तरी खालच्याला कळायचं. ५ जानेवारी २०१५ ला केंद्राची पथदिव्यांची योजना सुरू झाली, एलईडी दिवे आले, वीज वाचली, दिवे कमी वेळा जायला लागले. चांगलंच झालं. त्याबरोबर आमच्याकडे देखभाल ठेक्यावर गेली आणि दर ठरला तो दिव्यामागे. गाडी रोजच्या भाड्याची, ड्रायव्हर रोज नवा. आता एका रस्त्यावर तीस खांब असतील तर प्रत्येक खांबापाशी बकेट खाली घ्यायची, बूम झोपवायचा, पाय उचलायचे, गाडी पुढे घ्यायची, फळ्या टाकायच्या, पाय टेकवायचे. घाई केली तरी पाच मिनिटं. तीस खांबांची दीडशे, म्हणजे अडीच तास. या अडीच तासांचे पैसे तुमच्या दरात नाहीत. मग माणूस बकेटमध्ये उभाच राहतो, ड्रायव्हर पाय उचलून गाडी तशीच पुढच्या खांबाला नेतो आणि वाटेत केबलवाल्याची तार आली की वरचा ती हाताने उचलून डोक्यावरून मागे टाकतो. दरात अडीच तास नाहीत म्हणून हे होतं. बकेटमध्ये उभं राहून दिवा दोन फूट उंच पडला तर पोरं काठावर पाय देतात किंवा आत स्टूल ठेवतात. तेही त्याच हिशेबात.

खालच्या माणसाचे पैसे तर नाहीतच. ठेकेदाराला शिव्या देणं सोपं आहे. त्याने तुम्ही मागितलं तेवढं दिलं.

म्हणून माझी मागणी अंदाजपत्रकापासून सुरू होते. बकेटच्या गाडीच्या प्रत्येक कामात जमिनीवरचा चालक अशी स्वतंत्र बाब घाला, तिला स्वतंत्र दर द्या, आणि ज्या दिवशी तो नव्हता त्या दिवसाचं बिल कापा. त्याने वाहतूक अडवायची नाही, साहित्य द्यायचं नाही, फांद्या गोळा करायच्या नाहीत. बकेट वर असेपर्यंत तो खालच्या लिव्हरच्या टप्प्यात राहील. चहा हवा असेल तर तिथेच द्या. दर दिव्यामागे न ठेवता पाळीमागे ठेवा, म्हणजे पाय टेकवण्यातला वेळ कुणाच्या खिशातून जाणार नाही.

यंत्राच्या तपासणीचंही बघा. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम २९ प्रमाणे कारखान्यातल्या उचल-यंत्राची दर १२ महिन्यांनी सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी करावी लागायची. हेच यंत्र कारखान्याच्या फाटकाबाहेर, रस्त्यावर, तुमच्या दारात उभं असतं तेव्हा आरटीओचं फिटनेस सर्टिफिकेट दाखवलं की सगळे समाधानी. आरटीओ ब्रेक आणि दिवे बघतं. बूमच्या पिना, वेल्डिंगच्या भेगा, वळलेले होज बघणं हे त्याचं काम नाही. बारा महिन्यांची अट तुम्ही स्वतःवर घालून घेऊ शकता, त्यासाठी मंत्रालयाच्या परिपत्रकाची वाट बघायची गरज नाही. फायबरचा बूम असेल तर त्याची विद्युतरोधक चाचणीही त्याच वेळी.

एक नाजूक विषय राहिला. जयंतीला पुतळ्याला हार घालायला ही गाडी जाते. ती जाऊ नये असं म्हणण्याची माझी छाती नाही, आणि हार मीही श्रद्धेने बघितलेत. पण बकेटवर दोन व्यक्तींची पाटी असताना सहा पुढारी चढतात, रेशमी कुर्त्यात, चपला घसरत, मधे चाळीस किलोचा हार, आणि खाली ढोल-ताशात ड्रायव्हरला वरचा आवाज येत नाही. त्या वेळी ‘साहेब, दोघंच’ असं म्हणण्याचा अधिकार लेखी असल्याशिवाय आठवी शिकलेला ड्रायव्हर ते म्हणणार नाही. मी पर्यवेक्षक असून म्हणालो नाही. तो अधिकार त्याच्या नावाने, तुमच्या सहीने द्या. तसाच अधिकार वाऱ्याच्या, पावसाच्या आणि मोहोळाच्या दिवशी बकेट न उठवण्याचाही.

आणि एक छोटं काम, ज्याला निविदा लागत नाही. कुठल्याही एका सकाळी, न कळवता, काम चालू असेल तिथे जा. बकेट रिकामी करून वर न्यायला सांगा. पूर्ण वर गेली की इंजिन बंद करा आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाका. खाली जो कुणी असेल त्याला सांगा, बकेट खाली आण. मग काही बोलू नका. घड्याळ बघा. तो हातपंप शोधेल, दांडा शोधेल, कुणाला तरी फोन लावेल. किती मिनिटं लागली ते मोजमाप पुस्तकात लिहा. बाकी सगळी मापं आपण त्यात लिहितोच.

शिकवायला माणूस मिळत नाही असं कुणी म्हणालं तर मी येतो. मानधन नको. एसटीचं तिकीट मात्र द्यावं लागेल, आणि जाताना थोडा वेळ मला खालच्या लिव्हरजवळ उभं राहू द्यावं.

आपला,
एक निवृत्त विद्युत पर्यवेक्षक

ता. क. : त्या मे महिन्यातल्या अपघाताची फाईल आमच्या नगरपरिषदेच्या अभिलेख कक्षात, वाळवीने सोडली असेल तर, अजून असेल. ‘कारण’ या रकान्यात मी लिहिलेलं खोडून ‘खाली लिव्हर चालवता येणारा माणूस नव्हता’ असं लिहायची आणि तारखेसह पुन्हा सही करायची परवानगी मिळावी, असा अर्ज मी सोमवारी आवक-जावक विभागात देत आहे. पोच घेईन.